विचारलं तेवढंच

अकराला बोलावलंय, म्हणजे साडेदहाला पोचायचं.
साडेदहाला पोचलीस की एकपर्यंत बसायचं.
पंख्याखालचं बाकडं धरू नकोस,
कागद उडतात.

हे मी सांगते ईश्वरीला, कोपरी कॉलनीत,
तिच्या मशीनसमोर पत्र्याच्या डब्यावर बसून.
कोर्टनाक्यावर बावीस वर्षं टाइप केली मी
लोकांची प्रतिज्ञापत्रं.
"मी खाली सही करणार" याच्यापुढे
माणूस किती थोडा उरतो, ते बघितलंय.

तिच्या हातात कुणाची तरी जांभळी साडी,
फॉल अर्धा लागलेला, तोंडात टाचण्या.
म्हणून मीच विचारते, मीच उत्तर देते.

नाव? ईश्वरी चेतनदास तलरेजा.
एका कागदावर इसरी, एकावर ईश्वरबाई,
या तिघी म्हणजे एकच बाई
असं स्टॅम्पपेपरवर लिहिलंय, तो सगळ्यात वर ठेव.
कुठून आलात? घोटकी.
कधी? तारीख सांग. "थंडीत" म्हणू नकोस.
का आलात?

इथे ती टाचण्या काढते तोंडातून,
एकेक उशीत खोचते,
आणि पुन्हा मशीन चालवते.

बरं. त्याचं नंतर बघू.

घर बदललं तेव्हा पोलिसांत कळवलंत का?
ही पावती. ही दुसरी.
ही भिजलेली, पण शिक्का दिसतो.
मराठी येतं का?
"नळावर तुझ्याशी भांडते ते काय चिनीत?"

तिकडे कोण आहे?
बहीण.
मग बहीण म्हण. नाव विचारलं तर नाव.
विचारलं तेवढंच, ईश्वरी.
सरकारी खोलीत एक शब्द जास्त
म्हणजे एक तारीख पुढे.

कोपरी पुलावरून रिक्षा. फाइल मांडीवर,
फाइलवर दोन्ही हात.
पूल संपेपर्यंत ती तारखा पुटपुटत होती,
रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं.

मला आत सोडलं नाही.
दाराला निळा पडदा, जमिनीपासून वीतभर वर.
खालून साहेबांचे बूट दिसत होते,
आणि तिच्या चपला, एकीचा अंगठा कालच शिवलेला.
बूट हलत होते. चपला नाही.
सतरा मिनिटं.

बाहेर आली ती म्हणाली, चहा पिऊ.

टपरीवर निम्मा ग्लास संपल्यावर सांगितलं:
का आलात, ते विचारलंच नाही.
पहिला पासपोर्ट उघडला,
फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
म्हणाले, चेहरा बराच बदललाय हो,
कानातले मात्र तेच.
तर मी म्हटलं, माझे नाहीत.

अगं!

रुक्मीचे. फोटोपुरते घातले होते.
मग निघायची घाई झाली,
द्यायचे राहिले.
किती वर्षं झाली, विचारलं.
म्हटलं, एकोणीस.
मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

लिहिलं का काही?
नाही. पाणी मागवलं.
एकच ग्लास आला, तो माझ्याकडे सरकवला.

मी रागावणार होते.
बावीस वर्षांत शिकलेलं सगळं ओठांवर होतं.
म्हटलं, साखर फार घालतो हा.

मग पुढचं सांगितलं, नेहमीच्या आवाजात:
पत्र येईल, वेळ लागेल, मागे लागायचं.
मग शपथ. सही. जुना पासपोर्ट जमा.
"फोटोसकट?"
फोटोसकट.

तिचा हात कानाकडे गेला.
फिरकी चाचपली, घट्ट केली,
मग दुसरी.
"आणि हे?"

हे कुठल्याच फॉर्मात नाहीत, म्हटलं.

तिने पैसे दिले, माझे देऊ दिले नाहीत.
म्हणाली, चल लवकर,
ती जांभळी साडी पाचला द्यायचीय,
बाई खोळंबली असेल.