बाटली क्रमांक एकोणतीस

सातवी ब ला सांगितलं होतं :
घराजवळची माती आणा, दोन मुठी,
आणि एक रिकामी बाटली, लेबल सोलून.

सोमवारी खिडकीच्या कट्ट्यावर एकेचाळीस बाटल्या.
माती, पाणी, चिमूटभर मीठ,
झाकण घट्ट, आणि मग असा खळखळाट
की शेजारच्या गणिताच्या सरांनी दार लावून घेतलं.
"आता हलवायचं नाही," मी म्हटलं,
"पट्टी उभी धरायची. डोळा थराच्या पातळीला."

मिनिटात वाळू बसली.
मधल्या सुट्टीपर्यंत गाळ.
चिकणमाती मात्र या शहरासारखी,
तिला कसलीच घाई नाही.

अल्फियाची, मामाच्या काटोलच्या बागेतली, काळीभोर;
तिच्या बाटलीत गुरुवारपर्यंत नुसता चहा.
रेणुका उईकेची गावाकडची मुरमाड, अभ्रकाने लुकलुकणारी,
ती तिने सोनं म्हणून तीन वर्गांत फिरवून आणली.
दुष्यंत बावणेची नाग नदीच्या काठची.
झाकण उघडलं आणि पहिला बाक रिकामा झाला.
तो खाली मान घालून मोजत राहिला.
त्या वासातच त्याचं घर.

संबोधी नंदेश्वर उभी राहिली.
"मॅडम, आमच्या इकडे मातीच नाही आहे."
पोट्टे हसले.
पण खरंच होतं तिचं. इंदोऱ्यात तिसरा मजला,
गल्ली सिमेंटची, रस्ता सिमेंटचा,
कोपऱ्यावरच्या कडुनिंबालाही फरशा गळ्यापर्यंत.
"मग शोध," म्हणाले. वाटलं, विसरेल.

होळी नुकतीच झालेली, कूलर काढायचे दिवस.
बापाच्या हाताखाली तिने टाकी खरवडली :
तळाशी अख्खा गेला उन्हाळा
खपलीसारखा वाळून बसलेला.
तो पेपरात बांधून आणला.

बाटली क्रमांक एकोणतीस.
हलवली. ठेवली.
वाळू जवळपास नाहीच, खाली राखाडी पीठ,
आणि दुसऱ्या दिवशी सकाळी
पाण्याच्या वर
एक फिकट साय.

पुस्तकातल्या आकृतीत थर तीन.
तिने वहीत चार काढले
आणि चौथ्याचं नाव विचारलं.
"माहीत नाही," मी म्हटलं.
हे दोन शब्द वर्गात किती वर्षांनी उच्चारले, आठवेना.

"हे तरंगतं काहून?" दुष्यंत. आठवड्यात पहिल्यांदाच बोलला.
साय कागदावर टिपली, उन्हात वाळवली.
भिंगाखाली मणी. बारीक, गोल, काचेचे असावेत असे.
"आतून पोकळ असतील," रेणुका म्हणाली,
"साबणाच्या फुग्यावाणी."
संबोधीने दप्तरातून फुटक्या स्पीकरचं चुंबक काढलं,
तळाची भुकटी दुसऱ्या कागदावर पसरली, खालून चुंबक फिरवलं :
काळे कण केसांसारखे उभे राहिले
आणि तिच्या हातामागे चालू लागले.

"आमच्या गच्चीवरून कोराडीच्या चिमण्या दिसतात.
पाखरं नाही मॅडम, धुराच्या."

बाक गप्प.
"दिसणं वेगळं, सिद्ध होणं वेगळं," मी म्हटलं.
"काय काय तपासावं लागेल, लिहा."
फळा भरला :
गच्चीवर ताटली ठेवणे, तेल लावून.
वारा कुठून येतो, रोज.
दुसऱ्या मोहल्ल्यांतले कूलर.
रस्त्याचं सिमेंटही बघणे, तेच असलं तर?
आणि सगळ्यात खाली, वाकड्या अक्षरात :
आत्याचा खोकला.
ते मी पुसलं नाही.

वर पाठवायचा तक्ता भरत होते.
मातीचा प्रकार : रेताड, पोयटा, चिकण. योग्य ठिकाणी खूण करा.
एकोणतिसाव्या ओळीपाशी पेन थांबलं.
समासात लिहिलं : हवेतून आलेली.
पुढे कंसात प्रश्नचिन्ह.

रात्री लाइट गेली.
कूलर घरघरत थांबला.
मी मोबाइलचा उजेड दातांत धरला,
मागची जाळी काढली, बाही वर केली
आणि कोपरापर्यंत हात घातला गार पाण्यात,
तळ चाचपत.