प्रमाण : सर्रास

शीट क्रमांक चारशे सतरा.
डिंकाचा डाग, दोऱ्याचे सहा टाके
आणि चिठीवर निळी शाई :
गेळ. नागपूर. गोरेवाड्याच्या अलीकडची टेकडी,
उत्तर उतार. कोरडं मुरमाड रान, सागाखाली.
प्रमाण : सर्रास.
तारीख उधईनं खाल्ली.

झाडं कागदावर निजवायची, हे माझं काम,
एकवीस वर्षांचं.
बाभूळसुद्धा शेवटी पडून राहते निमूट.
गेळ निजत नाही.
समोरासमोर दोन काटे,
खालची जोडी त्यांना आडवी,
त्याखालची पुन्हा उभी.
कुठूनही दाबा, एक तरी काटा वर पाहतो.
एकदा वर्तमानपत्राच्या चार घड्या भेदून
तो निघाला वधू-वरांच्या पानातून
आणि शिरला माझ्या अंगठ्यात.

फूल उमलतं पांढरं,
मग पिवळं पडत जातं,
म्हणून एकाच फांदीवर
काल आणि आज शेजारी बसलेले असतात.
कागदावर दोघांचा एकच तपकिरी.
कोणतं कधीचं, ते भिंगालाही कळत नाही.

मे महिन्यात, कूलरमधलं पाणी संपलं त्या दुपारी,
उठले आणि गेले.
उतारावर लेआउट पडलेलं.
चुन्याच्या रेघा, खुंट्यांना लाल चिंध्या,
सागाचे बुंधे, त्यांवर मुंग्या.
तारेपलीकडे
घाणेरीनं गळ्याशी धरलेलं
एकच गेळ.
आखूड फांद्यांच्या टोकांना
नुकती फुटलेली पानं, झुबक्याझुबक्यानं,
आणि गेल्या साली वाळलेलं एक फळ,
पेरूच्या पोराएवढं,
डोक्यावर अजून पाकळ्यांमागचा मुकुट.

शेळ्यांमागून आलेल्या बाईनं विचारलं,
"काय पाह्यता जी त्या काटेऱ्यात?"
नाव कौतिका नान्हे. माहेर तलावाकाठचं, ढिवरांचं.
"आमी याचे फळं ठेचून डोहात टाकत होतो.
मासोळ्यायले भोवळ ये.
पांढरं पोट वर करून तरंगत,
मंग नुसत्या हातानं धराच्या."
"आणि आता?"
"आता डोह कुठी हाय?"
मग शेळीला हाकलत, माझ्याकडे न बघता,
"हे राह्यलं, कारन हे टोचते."

फांदी तोडली नाही.
खाली पडलेलं एक पिवळं फूल रुमालात घेतलं.
घरी पोचेस्तोवर तेही तपकिरी.

आमच्याकडे नियम आहे :
जुन्या चिठीवर खाडाखोड करायची नाही.
चुकलं असेल, बदललं असेल,
तर नवी चिठी खाली डकवायची.
डकवली.
तोच उतार. तारेपलीकडे, घाणेरीत.
फुलं : चार पांढरी, नऊ पिवळी.
माहिती : कौतिका नान्हे.
प्रमाण : एक.

डिंक वाळेपर्यंत वर लोखंडी वजन ठेवलं,
दिवा मालवला.
सकाळी पाहिलं,
वजन एका बाजूला कललेलं होतं.