शुक्रवारचे दोन तास

सोहारला, कारखान्यांच्या वस्तीमागे
आमच्या कंपनीचे सात टँकर उभे असतात.
दोन निळे, गोड्या पाण्याचे.
पाच पिवळे, त्या दुसऱ्या पाण्याचे.
हिशेब सगळ्यांचा मीच लिहितो,
एकाच वहीत. पानं वेगळी.

सत्तावीस तारखेला पगारपत्रकावर सह्या.
निळ्यांच्या ड्रायव्हरांना मी खिशातलं पेन देतो.
पिवळ्यांच्या माणसांसाठी एक पेन
खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलंय.
असं कर म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.
कळंबहून निघताना सामानात
लोणचं होतं, दोन चादरी होत्या, आणि हे.
कस्टमवाल्याला सापडलं नाही.

उद्धव खंडागळे, गंगाखेडकडचा,
पत्रकातली ओळन् ओळ वाचतो, ओठ हलवत.
मूळ पगार पंच्याहत्तर रियाल.
जेवण पंधरा.
हातमोजे, तिसरी जोडी, वजा सव्वा.
उन्हाच्या सुट्टीचा रकाना आहे,
साडेबारा ते साडेतीन,
तपासणीला येणाऱ्यांना दाखवायला.
खाली उतरण्याचा रकाना नाही.
एकदा म्हणाला, साहेब, मूळ पगार म्हणजे
मूळ कशाचं?
मी हसलो. तो हसला नव्हता.

त्याचा बाप नगरपालिकेत रोजंदारीवर,
बावीस वर्षं
कायम होणाऱ्यांच्या यादीत कायम.
हा घरी सांगतो, टँकरवर आहे.
गावाला वाटतं पाण्याचा.
टंचाईचा मुलूख, मान वाढलाय.
सरपंच फोनवर विचारतो,
एका दिवसाला किती खेपा होतात रे?
हा खरा आकडा सांगतो.

जुलैतला शुक्रवार. रात्रीचे दहा,
हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर.
आमच्याच कॅम्पची टाकी तुंबली,
मोरीतून वर, भटारखान्यापर्यंत.
फोन मीच केला.
सुट्टीचा इस्त्रीचा शर्ट काढून
त्यानं घडी करून माझ्या खुर्चीवर ठेवला.
पाइप ओढेना. काहीतरी अडकलेलं.
गॅसचं यंत्र गळ्यात, दोर कंबरेला,
आणि दुसरं टोक धरायचा तो टेकबहादुर
मस्कतला गेलेला, पासपोर्टासाठी.

मग मी धरलं.

एक हिसका म्हणजे ढील द्या,
दोन म्हणजे ओढा,
काहीच नसलं तर
काहीच नसलं तर काय, ते सांगायच्या आत
तो खाली होता.
यंत्र टिकटिकत होतं, आणि माझे तळवे
असे घामेजले की दोर मनगटाला गुंडाळला.
एवढं वजन असतं माणसाचं.
मी त्याला आजवर नव्वद रियालांत मोजलेलं.

निघाला एक टॉवेल, निळ्या काठाचा.
मी ओळखला.
त्यानं कोणाचा म्हणून विचारलं नाही,
बादलीत टाकला नि पाणी मागितलं.

मी पत्रकात लिहिलं:
शुक्रवार, रात्र, दोन तास, दुप्पट दरानं.
मॅनेजर कुरियननी रेघ मारली.
कॅम्प आपलाच, घरच्या कामाचा कसला ओव्हरटाइम?
माणूस वाईट नाही. रेघ पट्टीनं मारली.

तेव्हा मी पाकिटातून दोन रियाल काढून
खिडकीत ठेवले.
हे कशाचे?
त्या रात्रीचे.
मग कागदावर का नाहीत?
नोटा त्यानं बोटानं माझ्याकडे सरकवल्या.
बक्षिसावर बाप जगला माझा, साहेब.
लिहा.

ऑगस्टमध्ये मी लिहिलं: थकबाकी, दोन तास.
रेघ.
सप्टेंबरमध्ये पुन्हा.
रेघ, आणि या वेळी कुरियननी मान वर करून
माझ्याकडे पाहिलं, मिनिटभर,
जणू मलाही वास येतोय.

परवाच्या सत्तावीसला
सुतळीच्या पेनातली शाई संपली.
खंडागळेनं कागदावर दोनदा गिरगटून पाहिलं,
उमटलं नाही.
हात गजातून आत करून तो उभा राहिला.
धुतलेला हात, साबणाचा वास, नखं कापलेली.
मागं रांगेत नऊ जण, ऊन मानेवर.
माझं पेन माझ्या खिशात होतं.
ते बाहेर निघायला जो वेळ लागला
तो मी कुठल्या रकान्यात लिहू,
आणि कोणाच्या नावावर.