अकरा चिठ्ठ्या

आमची शाळा ऑगस्टमध्येच भरते,
बटाटे काढायला पुढे तीन आठवडे सोडता यावं म्हणून.
पहिल्या तासाला मी पिवळा कागद वाटतो.
सव्वीस वर्षं तोच, फक्त साल बदलतं:
निबंधांना चाळीस टक्के, चाचण्यांना तीस,
गृहपाठाला वीस, वर्गात तोंड उघडल्याचे दहा.
उशिरा दिलंत तर दिवसाला दहा गुण कापीन.
दहाच्या वर खाडे झाले की सत्र बुडालं.
रजेची चिठ्ठी इंग्रजीत, पालकांच्या सहीनिशी, दोन दिवसांत.
सगळे सही करून आणतात.
वाचत कोणीच नाही, माझ्यासकट.

ॲनाइस व्हायोलेट. अकरावी, खिडकीकडची रांग.
निबंध 'जबाबदारी' या विषयावर, पाच परिच्छेद,
उकडलेल्या पाण्यासारखा. एकाहत्तर गुण.
वर्गात तोंड उघडल्याचे शून्य.

पहिला खाडा सुट्टी संपल्यावर दोनच दिवसांनी.
'तळघरातल्या बटाट्यांना घाम फुटला होता.
रात्रभर पंखे लावून आम्ही ढीग उपसला.
एक कुजका बटाटा साऱ्या घराला बातमी देतो.'
मी 'मान्य' असा शिक्का मारला.

दुसरी चिठ्ठी नोव्हेंबरात:
'सकाळी सात वाजता पूल बंद होता.
मी पलीकडे, कॅनडात, कागदाच्या गिरणीतून सुटलेली,
अलीकडे धाकटा तापाने फणफणलेला, त्याच्याजवळ ॲनाइस.
मध्ये नदी. दगड मारला तर पोचेल एवढीच.'
मी लाल पेनाने एक स्वल्पविराम घातला. हाताची खोड.

पाचवीत ती घसरली:
'बर्फ पडत होता, कोणालाच उठावंसं वाटलं नाही,
आईला नाही आणि मलाही नाही.'
खाली सही आईची.

आई पालकसभेला आली होती, गिरणीच्या जाकिटात.
माझ्या टक्केवारीला मान डोलावत राहिली,
मग फ्रेंचमध्ये हळूच विचारलं,
पोरगी बोलते का हो वर्गात?
मला समजलं. उत्तर मात्र मी इंग्रजीत दिलं.
याच इमारतीत माझ्या बापाने फळ्यावर शंभरदा लिहिलं होतं,
'मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही.'
त्याचं अक्षर फार सुंदर होतं.

जानेवारीत अकरावा खाडा.
संगणकावरचा रकाना आपोआप लाल झाला.
मुख्याध्यापिका गरेटबाई म्हणाल्या,
नियम तुमचाच आहे, मिस्टर डुफूर.
माझाच आहे.

रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर
मी अकराही चिठ्ठ्या ओळीने मांडल्या.
शेवटची अशी:
'आज कारण उरलेलं नाही. धाकटा बरा आहे,
पूल उघडा आहे, बटाटे विकून झाले.
गाडीची बॅटरी गोठली होती हे खरं,
पण दीड मैल चालत येता आलं असतं.
मी गाडीतच बसून राहिले. माझ्या श्वासाने
काचेवरचं बर्फ आतून विरघळताना बघत.
एवढंच.'
या वेळी सही तिची स्वतःची होती.

सव्वीस वर्षांत मी किती निबंध तपासले,
हिशेब नाही. त्यातलं एक वाक्य आठवेना.
कॉफी गार झाली. चिठ्ठ्यांना टक्के किती द्यायचे
हे पिवळ्या कागदावर कुठेच नव्हतं.

सोमवारी हजेरी घेतली.
कॉर्मिएर. हजर. डेगल. हजर. थेरिओ. गैरहजर.
व्हायोलेट.
हात वर. नेहमीसारखा नुसता हात.
मी सगळ्या चिठ्ठ्या तिच्या बाकावर ठेवल्या,
अकराव्याच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलं होतं:
पुढे?

तिने एकेक उलटून पाहिली.
दुसरीपाशी थांबली. कपाळाला आठी.
'सर,' ती म्हणाली, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी,
'हा स्वल्पविराम चुकलाय.'

मधल्या सुट्टीत मी व्याकरणाचं पुस्तक काढलं.
चुकलाच होता.

गुण भरायची मुदत शुक्रवारी चारपर्यंत.
रकाना अजून लाल आहे.