कागदावर दोन

एप्रिल लागला की भुसावळात सावलीचाही चटका बसतो.
कंट्रोल रूम मात्र गार. स्वेटर घालून
मी धोक्यांची वही भरते.
पुण्याच्या साहेबांनी चौकट शिकवून ठेवली आहे:
आडवी शक्यता, उभा परिणाम,
गुणाकार करा, रंग भरा.
हिरवा, पिवळा, लाल. रांगोळीइतकं सोपं.

ओळ सतरा. तापीवरचे पाणीपंप.
एक बसला तर दुसरा आहे, दुसऱ्याला वेगळी केबल.
शक्यता नगण्य. मी हिरवा भरला.

आणि पाणी म्हणजे इथं नुसतं पाणी नाही.
पाण्याची वाफ, वाफेची वीज,
विजेवर धावतं इंजिन, मागे अठ्ठावन्न वाघिणी कोळसा,
त्या कोळशावर उकळायचं पुन्हा हेच पाणी,
आणि ते वर चढवणारा पंप
चालतो आमच्याच विजेवर.
जावाजावांनी एकमेकींकडून पीठ उसनं घेत
घर चालवावं, तसं.
डबा कुणाचाच भरलेला नाही.

मुरादभाई तडवी पंपावर आहेत एकोणतीस वर्षं.
स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला,
डोळे मिटलेले,
जणू लांबच्या गावचं लग्न ऐकतायत.
जेवणाच्या सुट्टीत मी नकाशा पसरला.
कळण्याची भाकरी, ठेचा;
उडू नये म्हणून नकाशावर कांदा ठेवला त्यांनी
आणि म्हणाले,
"मॅडम, चित्रात दोन आहेत.
मातीत एकच."

"मोरीखाली खडक लागला. ठेकेदाराले घाई.
दोन्ही केबली एकाच चरात टाकल्या.
मले मायती आहे ना, मीच खंदला तो."

ऊन उतरल्यावर गेलो.
शेजारी अत्तरद्यांची केळी,
ठिबकची नळी कधीची फुटलेली, माती कणकेसारखी मऊ,
आणि मऊ मातीत घुशीनं केलेलं बीळ.
टॉर्च धरला.
दोघी निजलेल्या अंगाला अंग लावून, एका पांघरुणात.
एकीचं कातडं कुरतडलेलं.

काही झालं नाही.
हे मुद्दाम लिहून ठेवते: काहीच झालं नाही.
मालगाडी निघाली, केळीचे ट्रक गेले,
कुणाच्या घरचा पंखा गरगरायचा थांबला नाही.
आमच्या कामाची हीच पंचाईत,
न घडलेल्या गोष्टीचा पंचनामा होत नाही.

केबल हलवायला सहा आठवडे लागले, अकरा सह्या.
सतरावी ओळ मी लाल केली होती,
आता पुन्हा हिरवी करायची.
हात अडखळला.
पहिला हिरवाही मी
ह्याच पेनानं, ह्याच खुर्चीत भरला होता.

एकतीस तारखेला मुरादभाई निवृत्त होतात.
विचारलं, अजून काय काय आहे जे कागदावर नाही?
हसले. "असं बसून कसं आठवंल?
संगे चाला. पाय लागला
की सांगतो."

वहीत नवी ओळ. धोका: मुराद तडवी घरी जाणार.
शक्यता: शंभर टक्के.
परिणामाचा रकाना कोरा ठेवला आहे.

तेरा दिवस.
स्वेटर खुर्चीला अडकवते, बूट शोधते.