अर्धी झोळी

याकिमाच्या दवाखान्यामागे एक खोली आहे.
गुरुवारी संध्याकाळी तिथे आम्ही नऊ जण,
गोल मांडलेल्या खुर्च्या,
एकही पाठीला मानवेल अशी नाही.

वही कुणीतरी दूरच्या शहरात लिहिलेली,
मग आमच्या भाषेत आणलेली, शब्दाला शब्द लावून,
दुसऱ्याच्या मापाची पँट
नुसती खालून दुमडून घालावी तशी.

पान दुसरं : शून्य ते दहा, तुमचं दुखणं किती?
डोन्या ओब्दुलिया म्हणाली, कुठलं?
गुडघ्यातलं ठणकतं, कमरेत उसण,
खांद्यात पहाटे चमक भरते,
आणि एक नुसतं सलतं,
ते वाहाकातल्या घरी आईपाशी राहिलंय.
त्याला आकडा लावू की नको?
नेरेइदाने पेन खाली ठेवलं.

पान पाचवं : रोज अर्धा तास फक्त स्वतःसाठी.
हीटर तेवढा घरघरत राहिला.
मग तेओदुला हसली, तोंडावर हात धरून.
स्वतःसाठी, म्हणाली, म्हणजे कुणासाठी?

डॉन फिदेन्सिओ तीन गुरुवार गप्प.
आमच्यात बाप्यांनी सोसायचं असतं.
आग्वांतार म्हणतो आम्ही त्याला :
सोसणंच, पण छाती जरा पुढे काढून.

चौथ्या गुरुवारी : थकण्याआधी थांबा.
नेरेइदाने तीन तऱ्हांनी सांगितलं.
माना हलल्या. समजलं कुणालाच नाही.
तेव्हा तो उठला, टेबलाचा आधार घेत,
आणि नसलेल्या शिडीवर एक पाय ठेवला.

सफरचंदांची झोळी, म्हणाला,
गळ्यात भरली की वीस किलो.
चाळीस वर्षं काठोकाठ भरून उतरलो,
कारण मुकादम बघायचा, पोरं बघायची,
मीच मला बघायचो.
सासऱ्याची झोळी मात्र कायम अर्धी.
हसायचो आम्ही म्हाताऱ्याला.
तो म्हणे, पैसे पेटीचे मोजतात, झोळीचे नाही.
दोन खेपा जास्त करायचा,
आणि ऐंशीव्या वर्षी नातीच्या लग्नात
नाचला.

नेरेइदाने पानावर आडवी रेघ मारली,
वर लिहिलं : अर्धी झोळी.

आता फोनवर तेवढंच विचारतो एकमेकांना.
ओब्दुलिया धुणं दोनदा वाळत घालते.
तेओदुला चर्चच्या पायऱ्यांवर मध्येच टेकते,
येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, प्रार्थना चाललीय.
कधीकधी करतेही.

दुखणं आहेच.
ते तरी जाईल कुठे, कागद नाहीत त्याच्याकडे.

मी अजून काठोकाठच भरते, खरं सांगायचं तर.
काल मात्र निम्मी भांडी झाल्यावर
नळ बंद केला.
उरलेली माझ्याकडे बघत राहिली.
मीही बघितलं,
खुर्ची ओढून.