मार्फत ५६ एपीओ

निळ्या कागदावर गावाचं नाव कधीच नसायचं.
वर कोपऱ्यात नुसता आकडा.
आमचा भरमाण्णा कुठल्या देशात नव्हताच जणू,
त्या आकड्यात राहायला गेला होता.

मी सातवीत. बेळगुंदीच्या शाळेतनं धावत यायची.
अव्वाचे हात रताळ्याच्या मातीनं भरलेले,
ती कागदाला शिवायची नाही.
म्हणायची, एकदाच वाच, पण सावकाश.

'तीर्थरूप अव्वास शिरसाष्टांग नमस्कार.
मी खुशाल हाय. इथं ताडाची झाडं लई.
आमटीत चिंच आपल्यापेक्षा जास्त.
यंदा रताळ्याला काय दर लागला?
शेवंतीला म्हणावं, अक्षर सुधार.'

पावसाळा संपताना आलेलं पत्र जाड होतं.

'काल एका घराची झडती घेतली.
म्हातारी एकटीच. काहीतरी बोलायली होती.
सुभेदारसाहेब कोरेगावकडचे, त्यांना काहीच उमगंना.
मला अर्धं कळलं.
ती ऊर म्हणाली. आपल्या बाजारातली मिरच्यावाली
नम्म ऊरु म्हणते, तेच.
कल् म्हणजे दगड, आपल्याकडचा कल्लु.
आणि वा म्हणजे ये. आपल्याकडं बा.
ती हात हलवून वा, वा म्हणायली,
साहेब हसले, अरे, ही तर तुला शाबासकी द्यायली.
मी बंदूक घेऊन उंबऱ्याशी.
आत गेलो. भिंतीवर तिच्या पोराचा फोटो.
फोटोला हार नव्हता.
हार नाही म्हणजे पोरगं कुठंतरी हाय.
साहेबांना मी हे सांगितलं नाही.'

मी अव्वाला हे वाचून दाखवलं नाही.
म्हटलं, तिथं एक म्हातारी आहे म्हणे, तुझ्यासारखी.
अव्वा कागदाकडं बघत राहिली.
एवढ्या लांब कागदात एवढंच?

मग थंडीतलं.

'इथल्या पाट्यांवर डांबर फासलंय.
खालचं अक्षर कुणाचं, फासणारा कोण,
नवीन माणसाला कळत नाही.
मला आपला फाट्यावरचा दगड आठवला.
त्या रात्री मी होतो, कल्लाप्पा होता,
डबा त्याच्या मामाच्या ट्रकमधला.
कानडी अक्षर गोल, बुडवायला डांबर जास्त लागतंय,
म्हणून पोट धरून हसलो होतो.
इथलं अक्षर पण गोलच हाय, शेवंते.
दगड अजून तसाच हाय काय? कळव.
परवा सकाळी आम्ही'

पुढच्या चार ओळी कुणीतरी शाईनं भरून काढलेल्या.
चिमणीपुढं कागद धरला.
उजेड आरपार आला, अक्षर नाही आलं.

मी उत्तर लिहिलं.
म्हैस व्याली, रेडा झाला.
राकसकोपचं तळं भरून सांडलं.
रताळ्याचा दर पडला.
दगडाचं लिहायचं राहिलं,
म्हणजे राहू दिलं.

नव्वद सालच्या होळीनंतर तो आला.
एक ट्रान्झिस्टर, दोन साड्या,
डाव्या कानानं ऐकू येणं बंद.
शेजारी जमले, सांग की गा, कसं होतं तिकडं?
तो म्हणाला, उकाडा लई.

तिसऱ्या दिवशी रॉकेलचा डबा नि फाटकं पोतं घेऊन
फाट्यावर जाऊन बसला.
येणारा जाणारा सायकल थांबवायचा,
कुणाच्या बाजूनं रे भरमाण्णा?
तो डाव्या कानाकडं बोट दाखवायचा
आणि घासत राहायचा.
कल्लाप्पा दोनदा आला. लांब उभा राहिला, गेला.

आधी किलोमीटरचा आकडा निघाला.
अक्षरं सहजी सुटेनात,
वेलांट्यांच्या खोबणीत काळं बसून राहिलेलं,
त्यासाठी त्यानं बाभळीचा काटा घेतला.

रात्री ताटावर बसला तर हाताला रॉकेलचा वास.
अव्वानं भाकरी वाढली.
त्याच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही.
चुलीतलं लाकूड आत सारत म्हणाली,
शेवंते, पेटीतली पत्रं काढ.
तू गाळलेलं वाच आता.